तीन नंबरचा फ्यूज

१

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास बाबा पॅसेजमधल्या लोखंडी स्टुलावरून खाली पडले. पडण्याआधीच ते गेले होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. विजेचा धक्का. त्यांच्या उजव्या खिशात चिनी मातीचा एक पांढरा फ्यूज सापडला. त्याच्यावर काळ्या शाईने तीनचा आकडा घातलेला होता.

साऱ्या प्रकरणात न पटणारी गोष्ट होती ती हा फ्यूज. पॅसेजची वीज त्यातून जायची. तो काढला की पॅसेज मेला. ज्या लाइनवर काम करायचं तिचा फ्यूज काढून खिशात ठेवायचा, टेबलावर नाही, कारण टेबलावरचा फ्यूज घरातलं कुणीतरी मदत म्हणून परत बसवतं, हे बाबांना आमच्या वायरमनने तीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. बाबा त्याला प्रोफेसर म्हणत. तो साधं बटण बदलायला आला तरी आधी दहा मिनिटं समजावून सांगे. बाबा नकाशे काढणाऱ्या खात्यात नोकरीला होते. त्यांना समजावून घेणं आवडायचं. दोघांचं जमलं ते त्यामुळे.

मी दुसऱ्या शहरात राहते. गेली चार वर्षं त्या घराचं सगळं मी फोनवरूनच बघत होते. औषधं, दूध, आत्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ, शुक्रवारी पॅसेजचा दिवा लागेना तेव्हा तो बघायला माणूस, पाण्याचे कॅन. बुधवारी मी पोचणारच होते, पण सुट्टीसाठी. पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि दादा कठड्याला टेकून कुणाशी तरी फोनवर जोरजोरात बोलत होता.

"त्या प्रोफेसरला मी सोडणार नाही," फोन ठेवत तो म्हणाला. "घरातली वायर न् वायर त्याच्या हातची आहे. चूक दुसऱ्या कुणाची असणार?"

मी म्हटलं की तो तर गावाला गेला होता, पुतणीच्या लग्नाला. दादा म्हणाला, आज सकाळी आलाय, येऊन पॅसेजमध्ये तोंड पाडून उभा होता, तोंडातून शब्द नाही. निर्दोष माणूस असा गप्प राहतो का?

गुरुवारी दादाने पोलिसांत तक्रार दिली. पोलीस प्रोफेसरच्या घरी जायच्या आधीच तो स्वतः चौकीत गेला आणि चूक माझीच आहे असं लिहून देऊन आला.

२

शनिवारी वीज निरीक्षक आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, खांद्याला कापडी पिशवी. विजेने माणूस गेला की कारण शोधायचं काम त्यांचं. बोलताना डावा हात सतत कोटाच्या खिशात. मला ते उर्मटपणाचं वाटलं. नंतर कळलं की ती या धंद्यातली सवय आहे. दोन्ही हात पुढे असले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. बाबांचा एक हात पॅसेजच्या दिव्याच्या होल्डरवर होता आणि तोल सावरायला दुसरा छतालगतच्या लोखंडी नळावर.

निरीक्षकबाईंनी आल्या आल्या मला सरळच सांगितलं. प्रोफेसरचं लेखी म्हणणं असं, की गावाला जायच्या आदल्या दिवशी त्याने पॅसेजची लाइन तीन नंबरवरून काढून आत्याच्या खोलीच्या लाइनला जोडली. आत्याची खोली दोन नंबरवर. आणि मेन बोर्डाच्या झाकणात त्याने स्वतः चिकटवलेल्या यादीत ते लिहायचं राहून गेलं. यादीत अजून 'पॅसेज – ३' असंच होतं. बाबांनी यादी वाचली, तीन नंबर काढला, आणि चालू लाइनला हात घातला.

"म्हणजे उलगडलं सगळं," मी म्हटलं.

"कागदावर उलगडलंय. सोमवारी दुपारी त्याचं म्हणणं कायम झालं की लायसन्स जाईल. खटला होईल. या वयात तुरुंगात गेला तर परत येऊन करणार काय हा माणूस?" त्यांनी पॅसेजच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. "म्हणून सोमवारपर्यंत मला घाई नाही."

मला मात्र होती. मला बसवत नव्हतं. बुधवारपासून मी खोल्यांमधून फिरत होते. पुस्तक उघडायचं, मिटायचं, नळ बंद आहे का बघायचं. पॅसेजमधल्या फरश्या बावीस आहेत हे मला लहानपणापासून राहूनही माहीत नव्हतं. आता पक्कं माहीत झालं होतं.

बाईंनी खालच्या मेन बोर्डाचं झाकण उघडून ती यादी मला दाखवली. प्रोफेसरचं अक्षर टपोरं, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. प्रत्येक बदलाची तारीख. एकदा स्वयंपाकघरातलं एक सॉकेट फक्त वीतभर सरकवलं होतं, त्याचीही नोंद.

"तीस वर्षांत वीतभर सॉकेट लिहायला न विसरलेला माणूस अख्खी लाइन लिहायला विसरला," बाई म्हणाल्या. "विसरूही शकतो. पण मग त्याने मला खोटं का सांगितलं, हे कळायला हवं."

"खोटं कशावरून?"

त्यांनी पिशवीतून टॉर्च आणि भिंग काढलं आणि मला पॅसेजच्या बटणांच्या बोर्डाजवळ बोलावलं.

३

बोर्डाला चार स्क्रू होते. चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत.

बाबा या खाचा पाहुण्यांना दाखवत असत. प्रोफेसर कुठलाही बोर्ड बंद करताना शेवटचा पाव पीळ असा द्यायचा की खाच उभी राहावी. खाच तिरकी दिसली की समजा स्क्रू आपोआप सैल होतोय, असं त्याचं म्हणणं. दादा त्यावर हसायचा. म्हणायचा, हा स्क्रूंना कवायत शिकवतो. घरातल्या झाडून साऱ्या बोर्डांच्या खाचा उभ्या असायच्या.

"आता इकडे या," बाई म्हणाल्या.

आत्याच्या खोलीतल्या बोर्डाच्या चारही खाचा चार दिशांना होत्या. एका स्क्रूचं डोकं घसरलेल्या पेचकसाने सोललं होतं.

बाई दाराच्या चौकटीला टेकल्या. पॅसेजची लाइन या खोलीच्या लाइनला जोडायची तर दोन्ही बोर्ड उघडावे लागतात. प्रोफेसरने जोडली असती तर दोन्हीकडच्या खाचा उभ्या असत्या. दुसऱ्या कुणी जोडली असती तर दोन्हीकडच्या तिरक्या. इथे एकीकडे उभ्या, एकीकडे तिरक्या. आणि पॅसेजचा बोर्ड त्यांच्या शिपायाने आदल्या दिवशीच येऊन उघडून पाहिला होता, खाचांची खूण करून तसाच परत बसवला होता. आतला जोड हिरव्या वायरने केलेला होता.

"हिरवी वायर जमिनीत जाणाऱ्या अर्थिंगसाठी ठेवतात. चालू विजेला हिरवी वायर लावणारा माणूस स्क्रूच्या खाचा सरळ करत बसत नाही."

मी विचारलं, मग पॅसेजच्या खाचा सरळ कुणी केल्या?

"प्रोफेसरने. लाइन जोडताना नाही, नंतर. बुधवारी तो इथे एकटा उभा होता ना? त्याने बोर्ड उघडला, जोड पाहिला, आणि पुन्हा बंद केला. बंद करताना हात सवयीने वळला. खोलीतला बोर्ड बघायची त्याला गरजच पडली नाही. वायर कुठून आली ते त्याला दिसलं." त्यांनी भिंग पिशवीत टाकलं. "त्याने फक्त पाहिलंय. केलंय दुसऱ्या कुणीतरी. आणि ते कोण, हे त्याला कळलंय."

पॅसेजच्या टोकाला दादा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हा आता ओरडेल. तो वळला आणि खाली निघून गेला.

४

दादाच का नसेल, हे माझ्या मनात येऊन गेलं. ते इथे लिहिते, कारण त्या तीन दिवसांत मी कुणालाच सोडलं नाही. दादाला घर विकायचं होतं. बाबा नाही म्हणत होते. पण दादाला बल्बही बदलता येत नाही. त्याच्या घरी ते काम वहिनी करते आणि चारचौघांत सांगते.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे गायनमास्तर होते. त्यांचं आणि बाबांचं पाण्याच्या पंपावरून सहा महिने बोलणं बंद होतं. निरीक्षकबाईंनी त्यांना अर्धा तास बसवून घेतलं. मास्तर आधी पंपावरच बोलत राहिले. मग म्हणाले की आत्याची किंकाळी ऐकून सगळ्यात आधी तेच खाली धावले होते, मेन स्विच त्यांनीच खाली ओढला, आणि ओढताना तीन नंबरची जागा रिकामी होती, दात पडल्यासारखी.

"नक्की?"

"बाई, त्या माणसाशी मी बोलत नव्हतो. पण मला दिसतं."

म्हणजे तिथे दुसरा फ्यूज कुणी बसवला नव्हता. मास्तर जाताना दारात थांबले आणि मला म्हणाले की पंपाचं ते जाऊ दे, त्यात चूक आपलीच होती.

राहिली आत्या. बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरी राहिलेली. तिला आता कडेचं दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं. बाईंनी तिला चहा घेता घेता विचारलं. आत्याने सांगितलं की त्या सकाळी तिचा डोळा लागला होता. बाबांनी होल्डर बदलायला घेतलाय हे तिला माहीत होतं. शुक्रवारी दिवा लागला खरा, पण लुकलुकत होता. प्रोफेसर बुधवारी येणार होता, तोवर थांब असं तिने म्हटलं. बाबा म्हणाले, बुधवारी पोरगी येतेय, तिच्या पायांना अंधार नको.

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, हे बरं झालं.

"मग तुम्ही उठलात," बाई म्हणाल्या.

"उठले. दार उघडलं. पॅसेजमध्ये काळोख. आमच्या पॅसेजला खिडकी नाही. दोन्ही टोकांना बटणं आहेत, कुठूनही दिवा लावता येतो. माझ्या टोकाचं बटण दाबलं. दिवा काही लागला नाही. म्हटलं फ्यूज काढलाय, कसा लागेल, मी पण वेडी. आणि तेवढ्यात तो पडला."

बाई लिहीत होत्या. त्यांचं पेन थांबलं. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि शेवटचं वाक्य न लिहिताच वही मिटली. चहा छान झालाय, म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं. खिशातला हात आता बाहेर होता.

"तुमच्या घरच्यांच्या जबाबांत एक माणूस नाही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी दिवा लागला, असं तुमच्या आत्या म्हणाल्या. कुणी लावला?"

५

शुक्रवारी सकाळी आत्याचा फोन आला होता. पॅसेजचा दिवा बंद आहे, प्रोफेसर गावाला गेलाय, तुझे बाबा म्हणतात पाच दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, पण रात्री बाथरूमला जाताना मी पडेन गं. मी ऑफिसात होते. फोनवर एक नंबर शोधला, 'तातडीची सेवा, एका तासात'. बाबा अकराला पेन्शनच्या कामाला जाणार होते. त्या वेळेत माणूस बोलावला. आत्याला सांगितलं की बाबांना बोलू नकोस. घर प्रोफेसरच्या हातचं असताना परका माणूस आला याचं त्यांना वाईट वाटेल, आणि प्रोफेसरला त्याहून जास्त.

आमच्या घरात असंच चालतं. ज्याला वाईट वाटेल त्याला सांगायचं नाही.

बारा वाजता मला निरोप आला: काम पूर्ण. सेवा कशी वाटली? मी पाच तारे दिले.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. एवढं सलग मी त्या आठवड्यात काही बोलले नव्हते. मला वाटलं होतं त्याने बल्ब बदलला असेल. मी विचारलंच नव्हतं.

बाई पायरीवर बसल्या, मलाही बसायला सांगितलं. पुढचं त्यांनी हलक्या आवाजात मांडलं. पॅसेजची जुनी वायर भिंतीत कुठेतरी तुटली असणार. ती शोधायची तर अर्धा दिवस जातो. त्या माणसाने सगळ्यात जवळची चालू वायर पकडली, आत्याच्या खोलीतली, आणि वीस मिनिटांत दिवा लावून दाखवला. यादी त्याने पाहिली नाही, घरातल्या धन्याशी बोलला नाही. बोलणार कसा, धनी बाहेर असतानाच तर त्याला बोलावलं होतं. बाबांना त्यातलं काही माहीत नव्हतं; दिवा आपला आपण लागला, होल्डर सैल असेल, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी यादीप्रमाणे तीन नंबर काढला. मग टेस्टर लावून पाहिला. तो स्टुलाखाली सापडलाय आणि चांगला चालतो. तेव्हा वीज नव्हती, कारण बटण बंद होतं. फ्यूजमुळे लाइन मेलीय असं त्यांना वाटलं.

"आणि मग," मी म्हटलं.

"आणि मग बटण चालू झालं."

समोरच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. खूप वेळ घेत होतं.

"प्रोफेसर बुधवारी आला," बाई म्हणाल्या. "जोड पाहिला. तुमच्या आत्याला विचारलं. तिने त्यालाही हेच सांगितलं असणार, शुक्रवारचा माणूस आणि बटण, दोन्ही. तिला त्याचा अर्थ कळलेला नाही. त्याला कळला. म्हणून चौकीत जाऊन त्याने सगळं स्वतःवर घेतलं. त्याने लाइन जोडली म्हटलं की शुक्रवारी कुणी आलं होतं का, हे विचारायचं कारण उरत नाही. आत्याला कुणी खोदून विचारत नाही."

"आता काय करायचं?"

"लाइन कुणी जोडली हे तुम्ही लिहून दिलंत तर तो सुटतो. त्या दुसऱ्या माणसावर कारवाई होईल, तुम्हालाही प्रश्न विचारतील. नाही दिलंत तर माझ्याजवळ आहेत फक्त स्क्रूच्या खाचा. त्यावर कुणी माणूस सोडत नाही. अहवालात मला बटणाचा रकाना भरावाच लागतो. तो मी सोमवारी तुमच्यासमोर भरेन." त्या उठल्या. "तोवर पॅसेजची लाइन तोडून ठेवलीय. मी काही ऐकलेलं नाही, असं समजू नका. पण घाईही करू नका."

६

रविवारी मी दादाला गच्चीवर नेऊन सांगितलं. त्याने कठड्याची माती नखाने उकरत सगळं ऐकलं. मला अपेक्षा होती ती शिव्यांची.

"म्हणजे मी चुकीच्या माणसाच्या मागे लागलो," तो म्हणाला.

"हो."

"आणि आता मी तुझ्या मागे लागायचं?"

"लागायचं असेल तर लाग."

त्याने बोटांची माती झटकली. मग त्याने विचारलं, आत्याला बटणाचं सांगणार आहेस का. मी नाही म्हटलं. आपल्या घरातली तीच जुनी खोड, असं तो म्हणाला. मी म्हटलं, खोड तीच आहे, पण या वेळी वाईट वाटून घ्यायला मी पुढे उभी आहे, लपून नाही. दादाने माझ्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसं पाहिलं. तक्रार मागे घ्यायला मीही येतो, म्हणाला.

सोमवारी निरीक्षकबाईंच्या कार्यालयात मी चार पानं लिहून दिली. माणूस कुणी बोलावला, कधी, कुणाला न सांगता. पाच तारेही लिहिले. बाईंनी वाचून सही घेतली. मग आपला छापील अर्ज पुढे ओढला आणि खालच्या रकान्यावर पेन ठेवलं.

"अपघाताच्या वेळी बटण कुणी चालू केलं?"

"मला माहीत नाही."

"घरात विचारलंत?"

"विचारलं. कुणाला आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग 'अज्ञात' असा शब्द लिहिला, शाई वाळेपर्यंत थांबल्या, आणि कागद उलटा केला. त्याने अहवालातलं मृत्यूचं कारण बदलत नाही, एवढंच म्हणाल्या.

बाहेर बाकावर प्रोफेसर बसला होता. जमा करून घेतलेलं लायसन्स त्याला परत दिलं होतं. ते त्याने हातात नुसतंच धरलं होतं. आनंद सोडाच, तो माझ्यावर चिडलेला होता.

"तुम्ही बोलायला नको होतं, ताई. माझं वय झालंय. मी बघून घेतलं असतं."

"काय बघून घेतलं असतं? तुरुंग?"

"सरांनी मला कधी दारातून परत पाठवलं नाही. आणि आत्यांनी तीस वर्षं मला कपबशीतून चहा दिला, बाकीच्या घरांत पेल्यात मिळतो." त्याने लायसन्स खिशात घातलं. "त्यांना कळलं का?"

"नाही. कळणार नाही."

तो उठला. पॅसेजमध्ये दिवा नाही, हे त्याला आठवलं. आत्या इतके दिवस त्या अंधारातून जा-ये करतायत, हे काय चाललंय, मला एक फोन नाही करता आला, असं म्हणत तो माझ्यापुढे चालू लागला. पिशवी त्याच्या सायकलला अडकवलेलीच होती.

दुपारी त्याने भिंत फोडून तुटलेली वायर शोधली. आत्या खुर्ची घेऊन पॅसेजच्या तोंडाशी बसली. मी विटांचे तुकडे भरत होते. घरात धूळच धूळ झाली होती, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा मी एका जागी थांबले होते.

"कुणाची चूक होती रे शेवटी?" आत्याने विचारलं. "कुणी मला धड सांगत नाही."

प्रोफेसरचा हात भिंतीतच थांबला. तो काहीतरी बोलणार, आणि चुकीचं बोलणार, हे मला दिसलं.

"माझी," मी म्हटलं. "शुक्रवारी मी पाठवलेल्या माणसाने वायर चुकीची जोडली. मी बाबांना सांगितलं नाही. तुलाही सांगू दिलं नाही. तुझी काही चूक नव्हती, आत्या. माझी होती."

आत्याने मान वळवून मला नेमकं समोर आणलं, तिला दिसतं तिथे. किती वेळ ती तशी बघत राहिली, सांगता येत नाही. तिला काय कळलं, काय नाही, तेही सांगता येत नाही. मी विचारलं नाही.

"तिकीट कधीचं आहे तुझं?"

"आज संध्याकाळचं."

"रद्द कर," ती म्हणाली. "लांबून नको आता काही."

मी हात झटकले आणि फोन आणायला आत गेले.